विहीर, टँकर आणि मावशीच्या मुलाचं लग्न

माझी मावशी ग्रामपंचायतीला उभी राहिली तेव्हा ती साठीला आली होती आणि गावातल्या निम्म्या लोकांना तिने कधी ना कधी इंजेक्शन टोचलेलं होतं. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात ती पस्तीस वर्षं नर्स होती. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी घरच्या ओट्यावर बसून लोकांचं ब्लड प्रेशर बघायची, फुकट, आणि वर शिव्याही फुकटच द्यायची. अशा बाईला मतं मिळतील का, हा प्रश्न तिच्या मुलाच्या लग्नाआधीपासूनच गंभीर होता.

गाव वसईच्या पश्चिमेला, भुईगावच्या अलीकडे. नाव सांगत नाही, कारण या गोष्टीतली बरीच माणसं जिवंत आहेत आणि रविवारी मिस्साला माझ्या पुढच्या-मागच्या बाकावर बसतात. गावात निम्मे आम्ही ख्रिस्ती, निम्मे हिंदू, आणि भांडणात सगळे नातेवाईक. आमची घरची बोली बाहेरच्या माणसाला भांडणासारखीच ऐकू येते. इथे मी सगळ्यांना शाळेतल्या मराठीत बोलायला लावलं आहे. ते त्यांना आवडणार नाही, पण मी हायस्कुलात मराठी शिकवते, माझाही नाइलाज आहे.

आमच्याकडे प्रत्येक वाडीत एक विहीर आणि बहुतेकांच्या वाडीत एक बावखल, म्हणजे शेंदायला सोपं असं उथळ तळं. त्यावर केळी, भाजी, फुलं. नव्वद सालानंतर स्टेशनच्या बाजूला, नालासोपाऱ्याला इमारती उगवायला लागल्या. इमारतींना जिने होते, गॅलऱ्या होत्या, नावं मोठी छान होती, फक्त पाणी नव्हतं. ते आमच्या विहिरींतून टँकरने जायला लागलं. ज्याची विहीर त्याला पैसे मिळत, शेजारच्याची विहीर खारट होई. दोन हजार चार-पाचपर्यंत आमच्या चहात साखर घालण्याआधीच मीठ असे. पाहुणे एक घोट पिऊन कप खाली ठेवत आणि 'पोट जरा भरलंय' म्हणत.

मावशीचं म्हणणं एकच होतं. टँकर बंद. ती तहसीलदाराकडे गेली, पंचायतीत गेली, अर्ज केले, ते अर्ज मी लिहून दिले. शेवटी म्हणाली, "अर्ज लिहून तुझा हात दुखला, देऊन माझे पाय दुखले. आता मीच तिथे जाऊन बसते." त्या खेपेला आमच्या वॉर्डातून जो निवडून येईल तोच सरपंच होणार, असा रंग होता. समोर उभा होता खुद्द टँकरवाला. तो शाळेत माझ्याच बरोबरीने शिकलेला, दहावीला दोनदा बसलेला, पण माणूस वाईट नव्हता. सणाला देवळापुढे, म्हणजे आमच्या चर्चपुढे, मंडप त्याचाच, गरिबाच्या मयताला शवपेटी त्याच्याच खर्चाने. त्याला निवडणुकीची निशाणी मिळाली बादली. मावशी म्हणाली, "आता बादलीने नेणार आहे का? सुधारला मग."

आता मुलाचं सांगते. मावशीला एकच मुलगा. त्याचे वडील तो दहा वर्षांचा असताना गेले. शिकला, कॅनडाला गेला, तिथे लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागला. दर रविवारी आईला फोन करायचा. गेली पाच-सहा वर्षं त्याच्या फोनवर मध्येच आणखी एक पुरुष येऊन 'हॅलो मम्मी' म्हणायचा. मावशीला वाटायचं, भाडं वाटून घेणारा सोबती असेल. त्या वर्षी तिकडे कायदा झाला की दोन पुरुषांना किंवा दोन बायकांनाही लग्न करता येईल, आणि त्या दोघांनी ते केलं. मुलाने फोनवर सांगितलं.

मावशीने मला ते तिसऱ्या दिवशी सांगितलं. ती ओट्यावर बसली होती. डोळे सुजलेले.

"तो म्हणाला, मम्मी, मी लग्न केलं. मी म्हटलं, कोणाशी? म्हणाला, तू बोलतेस त्याच्याशी दर रविवारी."

"मग तू काय म्हणालीस?"

"फोन ठेवला. दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी सकाळी बसून विचार केला, की मी रडते नक्की कशाला? मुलगा आजारी आहे का? नाही. नोकरी गेली का? नाही. एकटा आहे का? तेही नाही. इतकी वर्षं मी नवस केले ते हेच, की तो परदेशात एकटा पडू नये. देवाने ऐकलं. मीच नीट खुलासा केला नव्हता."

खरं सांगायचं तर मलाही ते पचलं नव्हतं. मी शिकलेली, वर्तमानपत्र वाचणारी, पण माझ्या मावसभावाबद्दल असं काही असेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं, आणि आलं तेव्हा पहिला विचार आला तो लोकांचा. दुसराही लोकांचाच.

महिन्याभराने पोस्टाने फोटो आला. दोघे सुटात, छातीवर पांढरं फूल, मागे बर्फ. माझा मावसभाऊ पोट आत ओढून उभा. त्याचा नवरा गोल चेहऱ्याचा, जाड भुवयांचा, चांगला आडवा माणूस. त्याचे आईबाप पोर्तुगालहून तिकडे गेलेले. माझे बाबा फोटो बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अडीचशे वर्षांपूर्वी यांना वसईतून हाकललं. परत आले."

आई म्हणाली, "गप्प बसा."

"मी वाईट म्हणत नाही. फक्त विचारतोय, याला जावई म्हणायचं की सून?"

"काहीच म्हणायचं नाही," आई म्हणाली.

मावशीने फोटो मोठा करून घेतला, फ्रेम केला, आणि पुढच्या खोलीत लावला. अगदी दारासमोर, येशूच्या तसबिरीच्या शेजारी. आणि तीन आठवड्यांत निवडणूक जाहीर झाली. त्याच खोलीत प्रचाराच्या बैठका व्हायला लागल्या.

पहिल्या बैठकीला पंधरा माणसं होती. सगळ्यांनी चहा घेतला, चहात मीठ आहे यावर एकमत झालं, आणि पंधराही जण फोटोकडे न बघण्याचा इतका प्रयत्न करत होते की कोणाची मान सरळ राहिली नाही. शेवटी आमच्या शेजारची हिंदू आजी, जिचा मावशीवर फार जीव, तिने विचारलं, "हा दुसरा कोण ग?"

"मुलाचा नवरा."

आजीने पदर सावरला. "आमच्यात नसतं हो असलं."

"आमच्यातही नव्हतं," मावशी म्हणाली. "कॅनडात असतं."

आजीला ते पटलं. कॅनडात बर्फ असतं, म्हणजे हेही असू शकतं. तिने पुढे विचारलं ते एवढंच, की लग्नाचं जेवण कधी. आमच्या गावात लग्न कोणाचं झालं याचा राग दोन दिवसांत जातो, पण जेवण दिलं नाही याचा राग नातवंडांपर्यंत पोचतो. पुढचे आठ दिवस मी ज्या ज्या घरात प्रचाराला गेले तिथे आधी याच विषयाची चौकशी झाली. एका म्हाताऱ्याने मलाच सुनावलं, "त्याचं कॅनडात जाऊन का होईना, लग्न झालं. तुझं इथे बसून होईना." मी तेव्हा पस्तिशीची होते आणि आईबाबांच्या घरी राहत होते. मी प्रचाराचं पत्रक त्याच्या हातात दिलं आणि पुढच्या घरी गेले.

पण हे हसण्यावारी फार दिवस राहिलं नाही. टँकरवाल्याच्या बाजूची माणसं हळूहळू बोलायला लागली. देवळाच्या आवारात, पानाच्या टपरीवर, बाजारात. हिच्या घरात असं, ही गावाचं काय भलं करणार. हिला मत देणं म्हणजे असल्या लग्नाला मत देणं. आमच्या बाजूची माणसंही कुजबुजायला लागली. मी मावशीकडे गेले.

"फोटो निवडणूक होईपर्यंत आतल्या खोलीत लाव," मी म्हटलं.

"का? त्याला मतदान करायचंय?"

"लोकांचं लक्ष पाण्यावर राहायला हवं. हा विषयच नाही ना निवडणुकीचा. कोणी कोणाशी लग्न केलं यावरून सरपंच ठरवायचा का?"

"नाही ठरवायचा," ती म्हणाली. "म्हणूनच फोटो तिथे राहील."

मी प्रचाराचं पत्रक लिहिलं होतं. त्यात शेवटी एक ओळ घातली होती, 'उमेदवाराच्या खासगी कौटुंबिक बाबींवरून होणाऱ्या अपप्रचाराला बळी पडू नये.' मला ती ओळ फार सभ्य वाटली होती. मावशीने पेन घेऊन ती खोडली.

"अपप्रचार म्हणजे खोटं," ती म्हणाली. "ते लोक खोटं कुठे बोलतायत? झालंय त्याचं लग्न."

फादरनी त्या रविवारी प्रवचनात सांगितलं की मतदान हे पवित्र कर्तव्य आहे आणि प्रत्येकाने आपल्या विवेकबुद्धीने मत द्यावं. मिस्सा सुटल्यावर टँकरवाल्याची माणसं म्हणाली, फादर आमच्या बाजूने बोलले. आमची माणसं म्हणाली, आमच्या बाजूने. फादर मागच्या दाराने निघून गेले होते.

मतदानाच्या आधीच्या गुरुवारी गल्लीच्या टोकाला क्रूसाजवळ सभा झाली. रोझरीची प्रार्थना आटोपल्यावर, म्हणजे माणसं आपोआप जमलेली. दोघा उमेदवारांनी एकाच जागी बोलायचं असं ठरलं, कारण लाउडस्पीकर एकच होता आणि तो टँकरवाल्याचा होता. तो आधी बोलला. रस्ता करीन, दिवे लावीन, टँकर कमी करत आणीन. मग थांबला, घाम पुसला.

"मी कोणाच्या घरात बघणारा माणूस नाही," तो म्हणाला. "आपल्याकडे कायद्यात तो गुन्हा आहे, हेही मी म्हणणार नाही. पण उद्या सरपंचाच्या घरी पाहुणे आले, आणि आपल्या मुलांनी विचारलं, हा कोण, तर आपण त्यांना काय सांगायचं? एवढंच मला सांगा."

माझी आई माझ्या शेजारी उभी होती. तिने जपमाळ मुठीत घट्ट धरली होती.

मावशी उठली. माइक तिने घेतलाच नाही, इस्पितळाच्या वॉर्डात ओरडायची तिला सवय होती.

"माझा जावई आहे म्हणून सांग," ती म्हणाली. "तू मला मावशी म्हणतोस, तर तुझा मेव्हणा आहे म्हणून सांग. मुलांना लगेच कळतं. आपल्याला वेळ लागतो. मला दोन दिवस लागले, तुला पाच वर्षं देते. आता तू मला सांग. मुलांनी विचारलं की आपल्या विहिरीतलं पाणी नेणारा तो टँकर कोणाचा, तर काय सांगायचं?"

लोक हसले. टँकरवालाही हसला, त्याला राहवलं नाही. मला वाटलं, जिंकलो. घरी जाताना मी आईला म्हटलं, "संपला विषय."

आई म्हणाली, "हसलेला माणूस मत देतोच असं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून आले तर ओटीवर एक माणूस बसलेला. पलीकडच्या वाडीतला, पंचावन्न-छप्पन्नचा, टँकरवाल्याचा सख्खा चुलतभाऊ. त्याची विहीर गावात सगळ्यांत खोल. रोज सकाळी दोन टँकर तिथून भरत. त्याची बायको माझ्या आईबरोबर सोडॅलिटीत, चर्चच्या बायकांच्या मंडळात, होती, तीन मुलं होती, दोन माझ्या हाताखालून गेलेली. मला वाटलं धमकी द्यायला आला. त्याच्या हातात एक कागद होता.

"टीचर, विजेच्या मीटरचा अर्ज लिहून पाहिजे."

मी लिहायला घेतला. अर्ज झाला, त्याने सही केली, घडी केली, खिशात ठेवला, आणि उठला नाही.

"मी तुमच्या मावशीला मत देणार," तो म्हणाला.

मी विचार न करता म्हटलं, "अहो, ती आली तर तुमचा टँकर बंद होईल."

"माहीत आहे. मी पाण्यासाठी नाही देत." तो अंगणाकडे बघत बोलत होता. "मी आधी वालीवला कारखान्यात होतो कामाला. प्रेसवर. अकरा वर्षं. माझ्याबरोबर मशीनवर एक होता, सावंतवाडीकडचा. आम्ही एकाच डब्यातलं जेवायचो. एकाच खोलीत राहायचो आठवडाभर, शनिवारी मी इकडे यायचो." त्याने खिशातला अर्ज चाचपला. "माझं लग्न ठरवलं घरच्यांनी. मग त्याचं ठरवलं त्याच्या घरच्यांनी. तो गावी गेला, परत आला नाही. बायको माझी चांगली आहे. माझी तिच्याबद्दल तक्रार नाही. पण तुमच्या मावशीने काल सगळ्यांसमोर जावई म्हटलं ना."

मी काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "पण निवडणूक पाण्याची आहे. मी तर सगळ्यांना सांगतेय, त्या गोष्टीवरून मत ठरवू नका."

"तुम्ही सांगा," तो म्हणाला. "तुमची दुसरी गोष्ट आहे. मी तीस वर्षं गटारावर मत दिलं, रस्त्यावर दिलं, एकदा दारूवर दिलं. ज्याने मला काही फरक पडेल अशी गोष्ट पहिल्यांदा आली. त्यावर मत द्यायचं नाही तर कशावर द्यायचं?"

इतके दिवस मी घरोघर हेच सांगत फिरले होते, की लग्न आणि मत यांचा संबंध नाही. ते वाक्य मी विरोधकांसाठी तयार केलं होतं. हा माणूस ओटीवर येऊन बसेल हे मी धरलं नव्हतं. जाताना तो म्हणाला, "हे कोणाला सांगू नका, टीचर." मी तो जिवंत असेतोवर सांगितलं नाही. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली.

मावशी हरली. फार नाही, एका मोठ्या घरातली मतं असतात तेवढ्याने. टँकरवाल्याने गुलाल उधळला आणि मिरवणूक मावशीच्या दारावरून नेताना ढोल बंद ठेवला, एवढी माणुसकी त्याच्यात होती. नंतर स्वतः येऊन तिच्या पाया पडला. मावशीने त्याला बसवून त्याचं प्रेशर बघितलं. वाढलेलं होतं. "आता पाच वर्षं असंच राहील," ती त्याला म्हणाली.

का हरली, याची चर्चा महिनाभर चालली. कोणी म्हणालं, टँकरवाल्याकडून आदल्या दिवशी डुकराच्या मटणाचं इंद्याल आणि बाटल्या वाटल्या. कोणी म्हणालं, कोळीवाड्यातली मतं फुटली. तिथेही पिण्याचं पाणी टँकरनेच जायचं, आणि तिथली एक बाई मला प्रचारातच म्हणाली होती, "तुमचा टँकर बंद झाला तर आमचं पिण्याचं पानी बंद. तुमची विहीर गोडी व्हायची कधी नि आमी प्यायचं कधी?" तिचंही बरोबर होतं. फोटोमुळे हरली असं मात्र कोणी तोंडावर म्हटलं नाही. सगळे म्हणायचे, त्याचा काही संबंध नाही हो. मीही म्हणायचे.

टँकर चालू राहिले. पलीकडच्या वाडीतल्या त्या माणसाच्या विहिरीवरही चालू राहिले. मला आधी त्याचा राग आला, मग वाटलं, मत एकदा द्यायचं असतं, घर रोज चालवायचं असतं.

दोन वर्षांनी नाताळला मावसभाऊ नवऱ्याला घेऊन गावी आला. तीन आठवडे राहिले. गावाने पहिला दिवस खिडकीतून बघितलं, दुसऱ्या दिवशी दारातून, तिसऱ्या दिवसापासून घरात बोलावून खायला घालायला सुरुवात केली. तो पोर्तुगीज गडी सगळं खायचा. बोंबील खायचा, वाल खायचा, खारट चहा पिऊन दुसरा कप मागायचा. पावाला त्याच्या घरीही पावच म्हणतात हे कळल्यावर बेकरीवाल्याने त्याच्याकडून पैसे घेणं बंद केलं. मावशीने जेवण दिलं, अख्खा गाव जेवला, टँकरवाला सरपंच स्वतः वाढायला उभा होता. आणि सगळ्यांत जास्त सूत जमलं ते माझ्या आईशी. तिला इंग्रजी येत नाही, त्याला मराठी येत नव्हती. तो सकाळीच आमच्या चुलीपाशी येऊन बसायचा, ती त्याला मसाला वाटायला लावायची. जाताना दोघेही रडले.

ते गेल्यावर चार-पाच दिवसांनी आई आणि मी ओटीवर वाल सोलत बसलो होतो. आई मध्येच म्हणाली, "मी तुझ्या मावशीला मत दिलं नव्हतं."

मला वाटलं, चुकीचं ऐकलं.

"बादलीला दिलं," ती म्हणाली.

"का?"

ती सोलत राहिली. "वाटलं, ही निवडून आली तर पाच वर्षं रोज कोणीतरी तेच बोलणार. ग्रामसभेत, रेशनच्या रांगेत, देवळात. हरली की विषय संपेल."

"म्हणजे तू तिच्या भल्यासाठी…"

"नाही ग," ती म्हणाली. "मी पण आधी स्वतःला तसंच सांगितलं. तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी. मला लाज वाटत होती. आता वाटत नाही. आता तो पोरगा माझ्या घरी आला तर मी त्याला आणि एक आठवडा ठेवून घेईन. पण तेव्हा वाटत होती, आणि मत तेव्हा द्यायचं होतं."

माझ्या आईने सहा वर्षं खारट पाण्यात डाळ शिजवली होती, ती शिजत नाही म्हणून रोज देवाला दोष दिला होता, आणि मतदानाला जाऊन टँकरला मत देऊन आली होती. रॉकेल वाया जातं म्हणून ओरडणारी बाई. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण तिने जे मतपेटीत केलं ते मी पत्रकात केलं होतं. ती ओळ मावशीने खोडली म्हणून वाचले, एवढाच फरक.

"मावशीला सांगितलंस?" मी विचारलं.

"नाही. तू सांगणार आहेस का?"

मी सांगणार नव्हते. पण वर्षभराने एकदा मावशीच्या घरी बसले असताना निवडणुकीचा विषय निघाला, आणि मावशीच म्हणाली, "तुझ्या आईचं मत मला नव्हतं, माहीत आहे ना तुला?"

"तुला कोणी सांगितलं?"

"मतदानाच्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे पापलेटची आमटी घेऊन आली. चांगली मोठी दोन पापलेटं. तुझी आई. नाताळला बांगड्यावर भागवणारी." मावशीने भिंतीला डोकं टेकलं. "लहानपणी माझी पाटी फोडली तेव्हाही अशीच बोरं घेऊन आली होती."

"तुला राग नाही आला?"

"आला. आमटी खाल्ली, पण तिच्याशी दोन आठवडे नीट बोलले नाही. ती विचारायची, काय झालं, मी म्हणायचे, दात दुखतो." बाहेर टँकर गेला, खिडकीच्या काचा हलल्या. "नंतर एकदा मी स्वतःला विचारलं. समज, हा मुलगा माझा नाही, शेजारणीचा आहे. तिने असा फोटो लावला, आणि ती उभी राहिली. मी दिलं असतं तिला मत?"

"दिलं असतंस."

"नाही," मावशी म्हणाली. "पाणी कितीही खारट असतं तरी नसतं दिलं. आणि वर तिला सल्ला दिला असता, की फोटो आतल्या खोलीत लाव."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती उठली, आत जाऊन रात्रीच्या भाताला तांदूळ धुवायला लागली, आणि तिथूनच मला सांगितलं की आता आलीच आहेस तर पंचायतीला एक नवा अर्ज लिहून देऊन जा, मागच्याला अजून उत्तर आलेलं नाही.